हायरायडर, ग्रँड विटारा हायब्रिड घेताना अपडेट झालेलीच गाडी हातात कशी पडेल: बुकिंगपासून आरसीपर्यंत

ओळखीतल्या ज्या कुणी टोयोटा हायरायडर नाहीतर मारुती ग्रँड विटारा, तीही स्ट्राँग हायब्रिडवाली (म्हणजे हळू जाताना नुसत्या बॅटरीवरही चालते ती), घ्यायचं ठरवलं त्या जवळजवळ सगळ्यांनी मला फोनवर एकच विचारलं, "अरे नवीन मॉडेल कधी येणारे?" आणि घोळ नेमका इथूनच सुरू होतो. आपल्याकडे या गाड्यांचे अपडेट वर्षाचं लेबल लावून येत नाहीत, कधी एप्रिलमध्ये येतात, कधी जुलैमध्ये, कधी एखादं फीचर गुपचूप वाढतं आणि किंमत चार हजारांनी वर जाते, आणि जुनी-नवी गाडी एकाच यार्डात शेजारी शेजारी उभी असते, रंग तोच, नाव तेच, मागचा बॅजही तोच. म्हणून विचारायचं ते हे: ही गाडी कुठल्या महिन्यात बनली, आणि त्या महिन्यात या व्हेरियंटला काय काय येत होतं.

माझ्या मेहुण्याने जानेवारीत गाडी घेतली, पेढे वाटले, आणि आरसी घरी आली तेव्हा कळलं की गाडी आदल्या वर्षीच्या जुलैमध्ये बनलेली. शोरूममध्ये दाखवलेल्या ब्रोशरमधलं एक फीचरही गाडीत नव्हतं. तो तावातावाने भांडायला गेला, पण तोवर इन्व्हॉईस झालेलं, टॅक्स भरलेला, नंबर पडलेला, आता परत कोण घेणार? त्याने काहीच तपासलं नाही असं नाही, तपासलं पण उलट्या क्रमाने तपासलं. म्हणून खाली क्रम दिलाय, तो मोडू नका.

१. आधी कागदावर अपडेटचा हिशोब मांडा

शोरूमला पाय ठेवायच्या आधी हे करा. एक कोरा कागद घ्या, डाव्या बाजूला महिना-वर्ष आणि उजव्या बाजूला काय बदललं ते लिहा. या दोन गाड्यांपुरता माझा कागद साधारण असा आहे.

२०२२ च्या जुलैमध्ये दोन्ही गाड्या दाखवल्या गेल्या, ग्रँड विटाराच्या किमती २६ सप्टेंबर २०२२ ला आल्या. दोन्ही बनतात एकाच ठिकाणी, कर्नाटकात बिदडीला, टोयोटाच्या कारखान्यात. स्ट्राँग हायब्रिडचं मशीन दोघींचं सारखंच: १४९० सीसीचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, सोबत मोटर, दोन्ही मिळून साधारण ११६ पीएस, आणि ०.७६ किलोवॅट अवरची छोटी लिथियम बॅटरी. प्लग लावून चार्ज करायची भानगड नाही.

१ एप्रिल २०२३ पासून बीएस६ चा, म्हणजे गाडीच्या धुराच्या नियमांचा, दुसरा टप्पा लागू झाला. नवी गाडी घेणाऱ्याला याचं काही नाही, सेकंड हँड बघणाऱ्याने मात्र ही तारीख लक्षात ठेवायची.

जुलै २०२३ मध्ये ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडला बाहेरच्या लोकांना ऐकू जाईल असा आवाज करणारी सिस्टीम आली, कारण बॅटरीवर हळू चालताना गाडीचा आवाजच येत नाही आणि सोसायटीच्या आवारात पोरं खेळत असतात. किंमत वाढली चार हजार रुपये. हा अपडेट कित्येक मालकांना आजही माहीत नाही.

एप्रिल २०२५ चा अपडेट सगळ्यात मोठा. दोन्ही गाड्यांना सगळ्या व्हेरियंटमध्ये सहा एअरबॅग आल्या, आधी खालच्या व्हेरियंटला दोनच होत्या. ग्रँड विटाराला डेल्टा प्लस हा नवीन आणि स्वस्त हायब्रिड व्हेरियंट आला, तेव्हाची एक्स शोरूम १६.९९ लाख, त्याआधी हायब्रिड हवी तर झेटा प्लसपासूनच सुरुवात होती. वरच्या व्हेरियंटला इलेक्ट्रिक ड्रायव्हर सीट, मागच्या दारांना पडदे, आतली हवा किती खराब आहे ते दाखवणारा डिस्प्ले, असं बरंच काही आलं.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला. गाडी तीच, टॅक्स वेगळा. चार मीटरपेक्षा लांब स्ट्राँग हायब्रिडवर आधी सेससकट ४३ टक्के होता तो ४० टक्के झाला. चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्यांना १८ टक्क्यांचा जो मोठा फायदा मिळाला तो या गाड्यांना नाही, ग्रँड विटाराच ४३४५ मिलिमीटर आहे.

सावधान: "अपडेट आला" म्हणजे सगळ्या व्हेरियंटला आला असं कधीच धरू नका. त्याच एप्रिलच्या अपडेटमध्ये इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक आला, पण तो ठरावीक ऑटोमॅटिक व्हेरियंटपुरता. बातमीचं शीर्षक वाचून बुकिंग करणारे नेमके इथे फसतात. तुम्हाला हवा तो व्हेरियंट कागदावर सगळ्यात वर लिहा आणि बाकीच्यांच्या नावावर काट मारा.

याच बॅटरी-इंजिनची तिसरी गाडीही आता आहे, मारुती व्हिक्टोरिस, सप्टेंबर २०२५ पासून. पुढच्या गाडीच्या जवळ गेलं की स्वतः ब्रेक लावणं वगैरे ड्रायव्हरला मदत करणाऱ्या सिस्टीम हव्या असतील तर ती बघून या, हायब्रिड व्हेरियंटला त्या येतात का ते मात्र आधी विचारा, नाहीतर ग्रँड विटाराला "पुढच्या अपडेटमध्ये येईल" म्हणत दोन वर्षं वाट बघणारे लोक मला माहीत आहेत.

२. कधी घ्यायची ते ठरवा, आणि किती वर्षं वापरणार ते आधी

डिसेंबरमध्ये डिस्काउंट मिळतो कारण जानेवारीत तीच गाडी कागदावर एक वर्षाने म्हातारी होते. विकायला जाल तेव्हा घेणारा पहिला प्रश्न मॅन्युफॅक्चरिंग वर्षाचाच विचारतो. चार-पाच वर्षांत गाडी बदलणाऱ्यातले असाल तर जानेवारीत बनलेली गाडी घ्या, म्हणजे डिलिव्हरी फेब्रुवारी-मार्चच्या आसपास पडते, गुढीपाडव्यालाही नेम बसतो. आठ-दहा वर्षं घासून वापरणार असाल तर डिसेंबरचा डिस्काउंट खिशात टाका, इतक्या वर्षांनी एका वर्षाच्या फरकाने रिसेलमध्ये फार काही हलत नाही.

जानेवारीत बहुतेक कंपन्या किंमत वाढवतात, आणि टॉप व्हेरियंट घेणाऱ्याला इथे एक खड्डा आहे. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीचा रोड टॅक्स १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि २० लाखांच्या वर १३ टक्के, तोही पूर्ण किमतीवर. १९.९९ लाखांच्या गाडीला टॅक्स होतो २,३९,८८०. तीच गाडी फक्त ११ हजारांनी वाढून २०.१० लाख झाली की टॅक्स २,६१,३००. म्हणजे ११ हजारांच्या वाढीवर आणखी २१ हजारांचा भुर्दंड. किंमत काठावर असेल तर जुन्या किमतीत इन्व्हॉईस होतंय का ते बघा, आणि हायब्रिड आहे म्हणून ईव्हीसारखी टॅक्समाफी मिळेल असं आपल्या राज्यात धरून चालू नका. उत्तर प्रदेशने २०२४ मध्ये तशी सूट जाहीर केली होती म्हणून आपल्याकडचेही विचारत असतात. गोव्यात रेट वेगळे, तिथल्यांनी तिथला तक्ता बघायचा.

अपडेट आला की पहिल्याच महिन्यात उडी मारायची घाई नको. असं का म्हणतो ते रिकॉलच्या भागात कळेल.

३. बुकिंग: तोंडी काही नाही

बुकिंगच्या पावतीवर किंवा ऑर्डर फॉर्मवर या चार गोष्टी पेनाने लिहून घ्या आणि खाली सेल्सवाल्याची सही घ्या:

व्हेरियंटचं पूर्ण नाव, "हायब्रिड" या शब्दासकट. कारण मारुती आणि टोयोटा दोघंही साध्या माईल्ड हायब्रिडलाही हायब्रिडच म्हणतात आणि दोन्ही गाड्या बाहेरून सारख्याच. माईल्डमध्ये चार सिलिंडरचं १४६२ सीसीचं इंजिन असतं, गाडी निव्वळ बॅटरीवर चालत नाही, मायलेजमध्येही जमीन-अस्मानाचा फरक. स्ट्राँग हायब्रिडला मॅन्युअल गिअर येतच नाही, त्यामुळे कोटेशनवर मॅन्युअल किंवा ६ स्पीड ऑटोमॅटिक दिसलं की समजायचं चुकीच्या गाडीचं कोटेशन काढलंय.

गाडी अमुक महिन्यानंतर बनलेलीच हवी. मी लिहून घेतो, "डिलिव्हरीच्या आधी ६० दिवसांच्या आत बनलेली".

आजची किंमत की डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत. जवळजवळ सगळे डिलिव्हरीच्या दिवशीची धरतात, पण लिहून घेतल्यावर निदान मनाची तयारी होते.

बुकिंग कॅन्सल केलं तर किती पैसे परत, किती दिवसांत.

चेक: सेल्सवाला "सर सगळा स्टॉक नवीनच आहे" म्हणाला तर हसून म्हणा, "मग लिहून द्यायला काय हरकत आहे?" जो खरंच नवीन देणार आहे तो लिहून देतो.

४. चेसिस नंबर हातात आल्याशिवाय मोठी रक्कम नाही

गाडी अलॉट झाली की चेसिस नंबर मागा. १७ अक्षरांचा असतो. बऱ्याच गाड्यांत त्यातलं दहावं अक्षर वर्षाचं असतं: एन म्हणजे २०२२, पी २०२३, आर २०२४, एस २०२५, टी २०२६. मधे ओ आणि क्यू दिसत नाहीत कारण शून्याशी गल्लत होते म्हणून ती अक्षरं वापरतच नाहीत. महिन्याचं अक्षर मात्र प्रत्येक कंपनी आपापल्या जागी टाकते, कुणी टाकतही नाही, त्यामुळे इंटरनेटवरचे तक्ते बघून महिना ओळखायच्या फंदात पडू नका. महिना लेखी मागायचा. फॉर्म २१, म्हणजे सेल सर्टिफिकेट, त्यात मॅन्युफॅक्चरिंगचा महिना आणि वर्ष असा वेगळा रकानाच आहे. शोरूमकडे ही माहिती सिस्टीममध्ये असतेच, "अजून आली नाही" हे उत्तर मान्य करू नका.

मग माझा हिशोब: दोन महिन्यांच्या आतली असेल तर डोळे मिटून पुढे जा. तीन ते सहा महिन्यांची असेल तर डिस्काउंट मागा आणि पुढच्या तपासणीत दुप्पट बारकाईने बघा. सहा महिन्यांच्या वरची असेल तर मी घेणार नाही, आणि हायब्रिड असेल तर मुळीच नाही. साधी गाडी यार्डात पडून राहिली तर १२ व्होल्टची बॅटरी उतरते, टायर एका बाजूने बसतात, एवढंच. हायब्रिडला वर सांगितलेली लिथियम बॅटरीही आहे आणि ती गाडी चालू असतानाच चार्ज होते. महिनोन्‌महिने धूळ खात उभी राहिली की दोन्ही उतरत जातात. बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे हे खरं, पण नव्या गाडीची सुरुवात सर्व्हिस सेंटरच्या चकरांनी का करायची.

५. पीडीआय: यार्डात, उजेडात, रजिस्ट्रेशनच्या आधी

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. पीडीआय, म्हणजे डिलिव्हरीच्या आधीची तपासणी, ती शोरूममध्ये हार घातलेल्या गाडीची नसते. ती यार्डात करायची, इन्व्हॉईस आणि इन्शुरन्स तुमच्या नावावर व्हायच्या आधी. एकदा नंबर पडला की गाडी तुमची, मग ओरखडा दिसो नाहीतर जुना टायर.

आपल्याकडे डिलिव्हरी दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीयेला हवी असते आणि त्या दिवशी शोरूममध्ये जत्रा भरलेली असते. त्या गर्दीत तपासणी होत नाही. दसऱ्याला घेणार असाल तर पीडीआय पितृपक्षात उरकून घ्या, त्या पंधरवड्यात यार्ड शांत असतं, माणूस तुमच्यासोबत तासभर थांबतो, आणि तपासायला मुहूर्त लागत नाही. २०२५ मध्ये जीएसटी कमी झाला तो दिवस घटस्थापनेचा होता, त्याच्या आधीचा पंधरवडा पितृपक्ष. त्या दिवसांत ज्यांनी चेसिस नंबर घेऊन गाडी बघून ठेवली आणि इन्व्हॉईस २२ तारखेनंतर करून घेतलं ते निवांत होते.

सोबत न्या: मोबाईलची टॉर्च, एक ओलं फडकं, टाईप सी केबल, तुमचा कागद आणि घरातली सगळ्यात मोठी प्रवासाची बॅग. बॅग का ते पुढे सांगतो.

क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा चेसिस नंबर. गाडीवर तो कुठे आहे ते यार्डवाल्याला दाखवायला सांगा, टॉर्च मारा, तुम्हाला दिलेल्या नंबरशी एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा. आठ आणि बी, पाच आणि एस यांची गल्लत होते, म्हणून फोटो काढून मोठा करून वाचा. जुळला नाही तर बाकी काही बघू नका, ती तुमची गाडी नाही.

मग टायर. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३४२५ म्हणजे २०२५ चा ३४ वा आठवडा, ऑगस्टचा उत्तरार्ध. टायर गाडीच्या आधी बनलेला असणार, महिना-दीड महिना मागे असेल तर ठीक. गाडी ऑगस्टची म्हणतात आणि टायर ऑक्टोबरचा निघाला तर टायर बदललाय किंवा तारीख खोटी आहे, दोन्हीचा जाब विचारा. काही टायरांवर ती चौकट आतल्या बाजूला गेलेली असते, गुडघ्यावर बसून टॉर्चने बघावं लागतं, बसा. स्टेपनी विसरू नका.

बाहेरचा रंग. ओल्या फडक्याने धूळ पुसून मग तिरक्या उजेडात बघा. बंपर आणि फेंडरच्या मधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, सगळ्या काचांवर एकाच कंपनीचा शिक्का आहे का. एकच काच वेगळी निघाली तर ती बदललेली आहे.

आत बसा. एअरबॅग मोजायच्या. स्टिअरिंगवर एक, डॅशबोर्डवर एक, पुढच्या दोन्ही सीटच्या दाराकडच्या कडेला शिवणीजवळ एअरबॅगचं लेबल, आणि दोन्ही बाजूंना छताजवळच्या खांबांच्या प्लास्टिकवर तीच अक्षरं. सहा पूर्ण झाल्या पाहिजेत. खालच्या व्हेरियंटमध्ये एप्रिल २०२५ नंतरची गाडी आहे की नाही हे कळायला याच्याइतका सोपा पुरावा नाही. त्यानंतर कागदावरची यादी: सीट, पडदे, चार्जिंगची पोर्ट केबल लावून, हेडलाईट, वायपर, कॅमेरा, चारही काचा.

आता चालू करा. ब्रेक दाबून बटण दाबा. इंजिनाचा आवाज येणार नाही, घाबरू नका, डॅशवर हिरव्यात रेडी दिसलं म्हणजे गाडी चालू आहे. कितीतरी लोक इथे बटण परत दाबतात आणि गाडी बंद करून "स्टार्ट होत नाही" म्हणतात. रेडीमध्ये एसी लावून दहा मिनिटं बसा, मधेच इंजिन आपोआप सुरू होईल आणि बंद होईल, तसंच व्हायला हवं. डॅशवर दुसरा कुठला पिवळा-लाल दिवा रेंगाळत असेल तर फोटो काढा. बॅटरीची पट्टी अगदी तळाला असेल आणि यार्डवाला म्हणत असेल "जरा चालवली की भरते", तर त्याच्यासमोरच चालवायला सांगा आणि भरताना बघा.

मग त्याला गाडी हळू पुढे-मागे घ्यायला सांगा, तुम्ही बाहेर उभे राहा. ग्रँड विटारा असेल तर इंजिन बंद असतानाही हलका गुंजल्यासारखा आवाज यायला हवा. तीच ती पादचाऱ्यांसाठीची सिस्टीम.

आणि बॅग. स्ट्राँग हायब्रिडमध्ये ती लिथियम बॅटरी मागे डिकीच्या खाली आहे, त्यामुळे डिकीचा तळ उंच झालाय आणि साध्या व्हेरियंटपेक्षा जागा बरीच कमी. शोरूममध्ये डिस्प्लेला माईल्ड हायब्रिड उभी असते, लोक तिची डिकी बघून खूश होतात आणि डिलिव्हरीनंतर गावी जाताना चौघांच्या बॅगा मावत नाहीत. म्हणून घरची बॅग नेऊन तुमच्याच गाडीच्या डिकीत आडवी-उभी ठेवून बघा, डिकी बंद होते का ते बघा. माझ्या बहिणीची मोठी बॅग उभी राहिली नाही, आडवी ठेवल्यावर शेजारी फक्त एक छोटी मावली. तिने तरी गाडी घेतली, पण माहीत असून घेतली.

चेक: सगळं ठीक असेल तर "अमुक चेसिसची गाडी तपासली, अमुक त्रुटी" असं कागदावर लिहून दोघांची सही. त्रुटी दुरुस्त झाल्यावर परत बघायला जा, फोटोवर विश्वास नको.

६. पैसे, इन्व्हॉईस, इन्शुरन्स

आता पैसे. लोनवाल्यांनी डिसबर्समेंटला हो म्हणायच्या आधी पीडीआय झालेली असू द्या, बँकेकडून पैसे शोरूमला गेले की तुमच्या शब्दाला वजन राहत नाही.

इन्व्हॉईसवर तीन गोष्टी बघा: चेसिस नंबर, व्हेरियंट, किंमत. रोड टॅक्सचा अंदाज आधीच काढून ठेवा, १६.९९ लाखांच्या गाडीला १२ टक्क्यांनी २,०३,८८० होतात. १० लाखांच्या वरच्या गाडीला १ टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतलेला इन्कम टॅक्स, कापतात, तो खर्च नाही, तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो, फक्त पॅन नंबर बरोबर दिलाय का बघा. हँडलिंग, लॉजिस्टिक असल्या नावाखाली काही लावलं असेल तर त्याची वेगळी पावती मागा, पावती द्यायची वेळ आली की बऱ्याचदा ती ओळ गळून पडते.

इन्शुरन्स शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरचं कोटेशन आणून दाखवा, किंमत खाली येते. नवीन गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांची आणि स्वतःच्या नुकसानाची एक वर्षाची, हे नेहमीचं. पॉलिसीवर मॅन्युफॅक्चरिंग वर्ष बरोबर टाकलंय का हे बघा, जुन्या स्टॉकची गाडी असताना पॉलिसीत चालू वर्ष टाकलेलं असेल तर क्लेमच्या वेळी वाद होतो. हायब्रिडची बॅटरी आणि मोटर पाण्याने खराब झाली तर कुठल्या ॲड-ऑनमध्ये बसते ते लेखी विचारा, मुंबई-ठाण्याचा पावसाळा काढायचा असेल तर हे सोडू नका.

७. रजिस्ट्रेशन आणि आरसी

आता गाडी आरटीओत न्यावी लागत नाही, शोरूमच वाहन पोर्टलवर सगळं भरतं. म्हणूनच टाईप करणाऱ्याची चूक तुमच्या आरसीवर येते. सबमिट करायच्या आधी स्क्रीनवर किंवा प्रिंटवर बघून घ्या: नाव, पत्ता, चेसिस, इंजिन नंबर, मॅन्युफॅक्चरिंगचा महिना आणि वर्ष, इंधनाचा प्रकार. फॉर्म २१ वर जो महिना आहे तोच इथे हवा. नंबर पडला की एमपरिवहन ॲपवर गाडी टाकून परत तेच बघा, चूक असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीला लावा. आरसीवरची चूक गाडी विकायच्या वेळीच आठवते आणि तेव्हा ज्याने टाईप केलं तो माणूस तिथे नसतो.

८. डिलिव्हरीचा दिवस

नारळ फोडायच्या आधी चेसिस नंबर पुन्हा एकदा. दोन चाव्या, मॅन्युअल, वॉरंटीचं पुस्तक, इन्व्हॉईस, पॉलिसी, टॅक्सची पावती. हायसिक्युरिटी नंबर प्लेट लावलेली. बाकी फोटो काढा, मजा करा.

९. पहिले तीन महिने आणि रिकॉल

मायलेज कंपनीने २७.९७ सांगितलंय ते टेस्टचं आहे. तुमचं मोजायचं तर टाकी फुल, ट्रिप मीटर शून्य, चारशे-पाचशे किलोमीटर झाल्यावर त्याच पंपावर परत फुल, मग भागाकार. डॅशवरच्या आकड्यावर जाऊ नका. सिग्नलच्या गर्दीत ही गाडी हायवेपेक्षा जास्त खूश असते हे लक्षात येईल.

रिकॉल म्हणजे ठरावीक तारखांमध्ये बनलेल्या गाड्या कंपनी स्वतः बोलावून फुकट दुरुस्त करून देते. यासाठीच महिना महत्त्वाचा. ग्रँड विटाराचं बघा: ८ ऑगस्ट ते १५ नोव्हेंबर २०२२ मध्ये बनलेल्या ११,१७७ गाड्या मागच्या सीटबेल्टच्या ब्रॅकेटसाठी बोलावल्या. ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ मधल्या गाड्या एअरबॅग कंट्रोलरसाठी, त्यात मारुतीची इतर मॉडेलही होती. आणि ९ डिसेंबर २०२४ ते २९ एप्रिल २०२५ मधल्या ३९,५०६ गाड्या पेट्रोलचा काटा चुकीचा दाखवू शकतो म्हणून, तो रिकॉल नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला. हायरायडरलाही असेच रिकॉल झालेत. तारखा नीट बघा, मॉडेलची अगदी सुरुवात आणि एप्रिल २०२५ च्या अपडेटच्या आगेमागे. म्हणून वर म्हटलं, पहिल्या महिन्यात उडी नको.

दर सहा महिन्यांनी कंपनीच्या साईटवर चेसिस नंबर टाकून बघा. फोन येईल म्हणून थांबू नका, तुमचा नंबर शोरूमने चुकीचा टाकलेला असू शकतो.

सेकंड हँड घेणाऱ्यांसाठी, थोडक्यात

क्रम उलटा: आधी आरसीवरचा महिना, मग गाडी. त्या महिन्यावरून वरच्या तीन रिकॉलपैकी कुठला लागू होतो ते काढा आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून काम झाल्याची नोंद मागा. काम झालं नसेल तर सौदा सोडायची गरज नाही, आधी मालकाला करून आणायला सांगा, फुकटच आहे. एप्रिल २०२३ च्या आधीची असेल तर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलबद्दल मॅन्युअल आणि टाकीच्या झाकणाच्या आतलं स्टिकर बघा. जुलै २०२३ आधीची ग्रँड विटारा असेल तर तो बाहेरचा आवाज नसणार, घरात लहान मुलं असतील तर आवारातून गाडी काढताना तेवढं भान ठेवा. बॅटरीची वॉरंटी किती उरलीय ते पहिल्या डिलिव्हरीच्या तारखेवरून आणि किलोमीटरवरून, दोन्हींतलं जे आधी संपेल ते, आणि सर्व्हिसची सगळी बिलं मालकाकडून त्याच दिवशी घ्या, नंतर पाठवतो म्हणणारे पाठवत नाहीत.